आईचं कन्नड मी कॅन्सल केलं

मंडळी, आज सकाळी चहा घेता घेता फोनमधली सबस्क्रिप्शन्स साफ करायला बसलो. ॲप काढून टाकलं की पैसे कापणंही थांबतं, असं मला वाटायचं. नाही थांबत! स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून बघा, सगळी तिथे ठाण मांडून बसलेली असतात.

त्यात एक कन्नड शिकायचं ॲप निघालं. "हे कुणी घेतलं? आपल्या घरात कन्नड कुणाला लागतंय?" असं जोरात म्हणत मी ते कॅन्सलही केलं. ऑफिसात माझं हिंदी-इंग्लिशवर भागतं ना!

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझा जुना फोन ती वापरते आणि त्यात खातं माझंच आहे, हे मी पार विसरलो होतो.

"मीच घेतलं रे," ती म्हणाली. "नागपूरहून इथे आल्यापासून शेजारच्या अक्का दिसल्या की नुसती हसते. त्यांना फक्त कन्नड येतं. किती दिवस हसायचं?"

मी लगेच ते परत चालू करून दिलं. "राहू दे, कुणाला लागतंय," म्हणत तिने फोन फ्रिजवर ठेवला. अजून तिथेच आहे.

दिवसभर ती इथे कुणाशी बोलते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारलंय?