दोन्ही एकच, असं मी म्हणालो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवापुढे बसलो की तिथेही गिळून टाकतो — त्याला ठाऊकच आहे, पुन्हा कशाला, म्हणून. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

चिचगडच्या बाजूला आमची छोटी ख्रिस्ती मंडळी आहे, प्रार्थनेला जमणारी. पत्र्याचं छप्पर, खाली चटया, एक ढोलक. तिथे मी उपदेश करतो. चांगला करतो, असं लोक म्हणतात, आणि मला ते आवडतं — लपवू कशाला? माझा लाडका विषय म्हणजे आज्ञापालन. अब्राहामानं देवाचं ऐकलं, घरदार सोडलं, आणि म्हातारपणी वचनाप्रमाणे त्याच्या मांडीवर मूल आलं. हे सांगताना माझा आवाज आपोआप चढतो.

सुकवारो समोरच बसायची. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. तिचं माहेर जुन्या गोंडी रीतीचं. तिथे धान निघालं की नवं खातात — पहिला भात घरच्या देवाला, पूर्वजांना दाखवायचा, मग सगळ्यांनी एका जागी बसून खायचा. सासरी गेलेली लेक येईपर्यंत आई थांबते.

त्या वर्षी नवं नेमकं रविवारी आलं. आणि त्याच रविवारी गोंदियाहून मोठे पास्टर येणार होते. नव्याच्या दिवसांत माझ्या अर्ध्या चटया रिकाम्या पडायच्या, आणि मला मंडळी भरलेली दाखवायची होती. बस, एवढंच. मूर्तिपूजा, पाप, वगैरे मी नंतर जोडलं.

आदल्या दिवशी ती अंगणात आली. "पास्टरजी, माय वाट पाहून राहिली. माह्याबिगर भाताले हात नाही लावत म्हणते. जाऊ का?"

नको, म्हणालो. ऐकशील तर तुझी कूस उजवेल, असंही म्हणालो.

"कोनाचं आयकू? तुमचं का देवाचं?"

भांडायला नव्हतं विचारलं तिनं. सरळ विचारलं होतं. आणि मी — सकाळपासून प्रार्थनेलाही न बसलेला मी — म्हणालो, "दोन्ही एकच हाय. देवानं मले सांगतलं तुह्याबद्दल."

खोटं. देवानं मला काही सांगितलं नव्हतं.

ती गेली नाही. भरलेली मंडळी बघून मोठ्या पास्टरांनी माझी पाठ थोपटली. तिकडे तिची आई संध्याकाळपर्यंत उपाशी बसून होती, हे तिच्या भावानं नंतर सांगितलं. त्याच थंडीत म्हातारी वारली. लेकीची भेट झाली नाही. मूल तर झालंच नाही, आणि आता ते वयही गेलं.

तिनं मला जाब विचारला असता तर? कबूल केलं असतं का मी? छे! शास्त्रातलं दुसरं एखादं वचन काढून दाखवलं असतं. पण तिनं विचारलंच नाही. "माहंच आयकनं कमी पडलं असन," म्हणाली — आणि मी मान हलवली. खोटं तोंडातून निसटलं असं म्हणता येईल एक वेळ. मान मी विचार करून हलवली. तीच जास्त बोचते.

मागच्या रविवारी गावातली एक सून पहिल्यांदाच मंडळीत आली. तिलाही मूल होत नव्हतं. प्रार्थना संपल्यावर सुकवारोनं तिचा हात धरला. "नव्याले माहेरी जाऊ नको बाई. पास्टरजीसंग देव बोलते. मी आयकली, पन पुरतं नाही आयकली. तू पुरतं आयक."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. खरं आहे का, असं तिला विचारायचं होतं. आजूबाजूला माणसं होती — नसती तरी मी काय केलं असतं?

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.