सकाळचं पहिलं गिऱ्हाईक

महादेवनं आमची सगळ्यात भारी ढाल कवडीमोलानं विकली आणि वर गिऱ्हाईकाला नमस्कारही केला. गिऱ्हाईक स्क्रीनवरचं होतं, नमस्कार मात्र खरा.

मी मागं उभी राहून दातओठ खात होते. प्लेटेस्टमध्ये मध्येच बोलायचं नसतं. प्लेटेस्ट म्हणजे बाहेरच्या माणसाला अर्धवट झालेला गेम खेळायला द्यायचा आणि तो कुठं अडतो ते गुपचूप बघायचं.

आमचा गेम दोन भागांचा. रात्री खेळाडू किल्ल्याखालच्या भुयारात उतरतो, राक्षसांशी लढतो, सापडेल ते पिशवीत भरतो. याला आमच्या धंद्यात डंजन म्हणतात. दिवसा तोच माल दुकान मांडून विकायचा आणि त्यातून पुढच्या रात्रीसाठी औषधं, हत्यारं घ्यायची. भुयाराची टीम बेंगळुरूत. दुकानाची टीम आमची, बेळगावात, टिळकवाडीतल्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. मी डिझायनर, म्हणजे खेळाचे नियम ठरवणारी.

दुकानात रोज सकाळी येणारं पहिलं गिऱ्हाईक मुद्दाम वाटेल तो पडेल भाव मागायचं. खेळाडूनं 'नाही' म्हणायला शिकावं, हा आमचा बेत. परदेशी टेस्टर पटकन 'नाही' म्हणून मोकळे झाले. बेळगावचा एकही माणूस म्हणेना. चांगला माल पहिल्या झटक्यात जायचा, रात्री ते औषधाविना भुयारात मरायचे आणि वैतागून उठायचे.

सोमवारी सकाळी पब्लिशर येणार होता. पब्लिशर म्हणजे पैसे घालून गेम बाजारात आणणारा. त्याचं नाव मार्टिन. दुकान रटाळ आहे, काढा, नुसती लढाई ठेवा, असं त्यानं आधीच कळवलं होतं. दुकान गेलं की आमची टीम गेली. मला बेंगळुरूत कुठंतरी चिकटवलं असतं, बाकीच्यांना कुणी विचारलंही नसतं. आणि मला बेळगावातलं आमचं वडगाव सोडायचं नव्हतं, अजिबात नव्हतं.

आमचे बॉस दीपकसर म्हणाले, "सुप्रिया, कमीत कमी किंमत बांधून टाक. त्याखाली विकताच येणार नाही."

"सर, आधी विचारू तर द्या."

महादेव मूळचा बेळगुंदीचा, बँकेत नोकरीला. त्याला विचारलं, "एवढी भारी ढाल अशी का देऊन टाकलीत?"

"पयलंच गिऱ्हाईक न्हवं का ते, आक्का? भवानी व्हायच्या आधी मोकळ्या हातानं कसं लावून द्यायचं? आख्खा दिवस वाया जातोय की!"

भवानी म्हणजे दिवसातली पहिली विक्री. आमच्या घरी मागावरच्या साड्या बाहेरच्या खोलीत विकतात. भवानीचं गिऱ्हाईक परत गेलं की आई दिवसभर धुसफुसते. मला हे जन्मापासून माहीत. पण ऑफिसात शिरताना मी ते चपलांबरोबर बाहेरच ठेवून यायचे.

दीपकसरांना पटेना. "अगं, पण हा गेम आहे."

"मग तुम्ही खेळा, सर."

सर संकेश्वरचे, घरचं किराणा दुकान. पहिलं गिऱ्हाईक आलं, पडेल भाव मागितला. सरांचं बोट 'नाही'वर गेलं, तिथं घुटमळलं आणि 'हो'वर येऊन दाबलं.

"सवय गं," सर ओशाळून म्हणाले.

"तर मग सवयीचाच नियम करते."

किंमत बांधली नाही. उलट नियम असा केला: भवानी झाली की दिवसभर दुकानात गर्दी, पहिलं गिऱ्हाईक परत गेलं की शुकशुकाट. शिवाय ते गिऱ्हाईक फक्त पुढच्या फळीवर मांडलेलीच वस्तू मागणार. आता डोकं भुयारातच चालवावं लागलं. पिशवीत जागा थोडी. त्यात उद्याच्या भवानीसाठी एखादी फुटकळ पणती उचलायची की नाही? लढाई आणि दुकान एकमेकांना बांधली गेली.

महादेवला परत बोलावलं. त्यानं ढाल आत ठेवली, तडकलेली पणती पुढं मांडली, ती विकली आणि हात चोळत म्हणाला, "आता येऊंद्यात किती येत्यात ते!" चहा गार झाला तरी उठेना. तेव्हाच मला कळलं, जमलं.

सोमवारी मार्टिन आला. गेममधल्या पहिल्या दिवशी त्यानं गिऱ्हाईक ऐटीत परत पाठवलं आणि रिकामं दुकान बघत बसला. मी भवानी समजावून सांगितली. मग त्यानं भुयारातून एक घुंगरू आणलं, पुढं मांडलं, विकलं. दुकान भरलं तसा तो खुर्चीत पुढं सरकला. बऱ्याच वेळानं मान वर करून म्हणाला, "दुकान राहू दे."

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी पाण्याची बाटली शोधू लागले.

मग कराराचं बोलणं निघालं. सरांनी गेमची किंमत सांगितली. मार्टिननं घड्याळ बघितलं आणि गालात हसला.

"आज सकाळचं तुमचं पहिलं गिऱ्हाईक मीच ना?"

सरांचा चेहरा उतरला. आता हा मागेल त्या पडेल भावाला हे 'हो' म्हणणार, मला दिसतच होतं. मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला आणि बाजूची फाईल पुढं सरकवली. गेममधल्या चित्रांचं, वेगळं विकायचं छोटं पुस्तक होतं त्यात.

"याची भवानी करा. म्हणाल त्या भावात."

मार्टिन खो खो हसला. पुस्तक पडेल भावात गेलं, गेम आमच्या भावात.

खाली उतरताना सरांनी विचारलं, "ती फाईल नेमकी हाताशी कशी होती?"

"सर, मी दुकानदाराच्या घरातली आहे."

गिऱ्हाईकाला आपल्या धंद्यातली खुबी जरूर शिकवा. फक्त त्याआधी पुढच्या फळीवर काहीतरी लहानसं मांडून ठेवा. कारण ती खुबी ते सगळ्यात आधी तुमच्यावरच वापरतं.