रीडला जीभ

आंधळगावच्या स्टँडवर मला पोचवायला बाबूजी आले ते बँडचा लाल कोट घालूनच. दुपारी मोहाडीला लग्न वाजवायचं होतं. पुण्याच्या एका पलटणीच्या बँडमध्ये सॅक्सोफोनसाठी माझी भरती झाली होती. तो वाजवायला बाबूजींनीच शिकवलं होतं. एसटी सुटताना एवढंच म्हणाले, "रीडले जीभ लावू नोको. उष्टी होते."

आमच्याकडे बँड आधी देवीसमोर वाजायचा, मग लग्नात. म्हणून बाबूजी क्लॅरिनेटच्या रीडला, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या वेताच्या पातळ पट्टीला, फक्त ओठ लावत आणि फुंक पोटातून ढकलत. त्यांचा एक सूर दुसऱ्यातून निघे, मधे फट नसे.

पुण्यात उस्तादांनी पहिल्याच दिवशी हटकलं. जिभेचं टोक रीडच्या टोकाला लावून 'तू' म्हणायचं, सूर स्वच्छ सुटतो. मऊ हवा असेल तर 'दू'. सहा महिने माझी जीभ नुसती मागे सरायची. जमलं तेव्हा मात्र डोक्यात हवा गेली.

शकू, तुझ्या लग्नाला मी सुट्टीवर आलो तो तसाच. तू माझी सख्खी बहीण, पण तेव्हा मांडवात होतीस, तुला हे ठाऊक नसेल. देवळासमोर अख्ख्या बँडदेखत मी बाबूजींना थांबवलं. "सूर एकमेकांना चिकटतायत, बाबूजी. जीभ लावा." तेही पुण्याच्या मराठीत. मग वाजवून दाखवलं. बँडवाले खूश झाले.

"तूच वाजव आता," बाबूजी म्हणाले, आणि क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवली.

काही महिन्यांनी मायनं कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं. "तुहे बाबूजी ढोरायच्या कोठ्यात बसून जीभ लावून पाह्यतात. नुसती फूस निघते. लग्नं घेणं सोडलं त्यायनं." 'तुमचं तुमच्यासारखंच वाजवा' असं एक पोस्टकार्ड मी टाकू शकलो असतो. टाकलं नाही. खरं सांगतो, त्यांनी माझं मानलं याचा मला आनंद झाला होता. त्याची लाज अजून जात नाही. चार वर्षांनी ते गेले, तोवर पुन्हा कुठल्याच लग्नात वाजवलं नाही.

गाव सोडून आलेले आम्ही सगळे, गावाकडचं काही बदललं की हळहळतो. मला तो हक्क नाही. हल्ली गावी गेलो की बँडमधली पोरं मोठ्या हौसेनं वाजवून दाखवतात, एकेक सूर सुटा. "तुमच्यासारखंच वाजवून राहिलो ना, भाऊ?" विचारतात. मी हो म्हणतो. बाबूजींसारखं वाजवणारं तिथे आता कुणी नाही. मलाही येत नाही. जीभ आपोआप लागते. माझं घर म्हणजे तो त्यांचा सूर होता, आणि तो मीच बंद केला.