उलटा पीळ

लवूदादाची आणि माझी ओळख झाली ती माझ्या सदऱ्याच्या बटणावरून. नायगावच्या चाळीत बिऱ्हाड मांडून मला आठवडाही झाला नव्हता. नळावर बादली घेऊन उभा होतो. समोरच्या खोलीतला एक उंच, हडकुळा माणूस पुढे आला, त्याने काही न विचारता माझ्या सदऱ्याचं लोंबणारं बटण धरलं आणि त्याचा दोरा दोन बोटांत फिरवून पाहिला. "मास्तर, ह्या दुकानातल्यान लावलेला. दोऱ्यात जीव नाय. संध्याकाळी सदरो माझ्याकडे द्या." मी मास्तर आहे हे त्याला कसं कळलं, ते विचारायचं राहूनच गेलं. बाहीवरचा खडू पाहिला असावा.

लवूदादा गिरणीत मागावर होता. वीस वर्षं सूत हाताळून त्याच्या बोटांना डोळे फुटले होते. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, पण दोरा हातात घेतला की तो हाताने कातलेला की यंत्रावरचा, पीळ कोणीकडचा, हे तो बोलता बोलता सांगायचा. गावचे नसलेल्या पाच सोबत्यांबरोबर एका खोलीत राहायचा. बाकीचे सुटीच्या दिवशी पत्ते कुटत, हा दारात बसून हाताने झबली शिवायचा. चाळीत मूल जन्मलं की बाराव्या दिवशी लवूदादाची कुंची आलीच. गोकुळाष्टमीला तर तो पेटायचा. मान धरायलाही न शिकलेल्या पोरांना पिवळे पीतांबर, मोरपिसाच्या टोप्या. एका वर्षी आमच्या मजल्यावर चार कृष्ण होते आणि चौघंही एकाच वेळी रडत होते.

मात्र अंगाचं माप घेतल्याशिवाय तो कात्री उचलायचा नाही. "अंदाजान शिवलेला कोणाच्याच अंगाक बसणा नाय. माप होया," हे त्याचं वाक्य आम्ही सगळे त्याची नक्कल करून म्हणायचो. माझी बायको तर भात करपला तरी म्हणायची, माप होया.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. सत्याग्रहाला जाणाऱ्या पोरांसाठी लवूदादाने एक नवंच खूळ काढलं. शिजवलेला भात गच्चीवर कडकडीत वाळवायचा, कुळथाचं पीठ खमंग भाजायचं, त्यात वाळवलेला कांदा, मीठ, तिखट आणि कोकमाची सोलं घालायची आणि कागदाच्या पुड्या बांधायच्या. पहिली परीक्षा आमच्या खोलीत झाली. त्याने चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी ओतलं, वर ताटली झाकली आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसा बसून राहिला. भात थोडा चिवट होता, पण पिठी झकास झाली होती. "कोठडीत आवस थोडीच रांधूक येतली?" तो म्हणाला. तुरुंगात पोरांना आईच्या हातचं कुठून मिळणार! पुढे आमच्या चाळीतली किती पोरं ती पुडी खिशात घालून गेली, त्याची गणती नाही.

या सगळ्या शिवणकामाच्या मुळाशी मुलाची आस होती. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर लवूदादाला मुलगी झाली होती, शेवंती. बायको आणि मुलगी गावी, हा इथे. मुलीला त्याने एकदाच पाहिलं होतं, तीन महिन्यांची असताना. त्यानंतर दर दीड-दोन महिन्यांनी गावाहून पाकीट यायचं. गावचे गुरुजी पत्र लिहायचे, मी ते वाचून दाखवायचो. पण लवूदादाचं अर्धं लक्ष पाकिटातल्या दोऱ्याकडे. त्याची बायको जुन्या लुगड्याच्या काठातलं तांबडं सूत काढून, मांडीवर वळून तो दोरा करायची. त्याला दोन गाठी असायच्या. एक छातीच्या मापाची, दुसरी उंचीची. त्या मापाचं झबलं शिवून तो माझगावला राहणाऱ्या गाववाल्याबरोबर बोटीने पाठवायचा आणि दोरा भिंतीवर खिळ्याला लावायचा. आधीच्या दोऱ्याशेजारी नवा. "चेडू बोटभर वाढला, मास्तर." सहा दोरे झाले होते. बापाने मुलीला भिंतीवर वाढताना पाहिलं.

मग गोळीबाराचे दिवस आले. परळ-लालबागला संचारबंदी, टपाल बंद. मोर्चात लवूदादाच्या डोक्यात लाठी बसली. इस्पितळात टाके घालून त्याला खोलीवर आणलं. डॉक्टर म्हणाले, हलायचं नाही, मनाला त्रास नको. त्यानंतर दोन दिवसांनी टपाल सुरू झालं आणि पोस्टमनने नेहमीप्रमाणे मजल्यावरची पत्रं माझ्याकडे दिली. त्यात लवूदादाच्या नावाचं एक कार्ड होतं. कोपरा फाडलेलं. शेवंती दोन दिवसांच्या तापाने गेली होती. ताबडतोब यावे, असं शेवटी लिहिलं होतं.

कोपरा फाडलेलं पत्र वाचून झाल्यावर घरात ठेवत नाहीत. मी ते तिथल्या तिथे फाडून टाकलं. बायको म्हणाली, "आत्ता जा आणि सांगा." मी म्हटलं, टाके निघू देत. आजही सांगतो, त्यात दया होती. पण भीती जास्त होती. त्या माणसाच्या तोंडाकडे बघून ते वाक्य उच्चारायची माझी छाती नव्हती.

टाके निघाले. मी म्हटलं, जरा ताकद येऊ दे. सहाव्या दोऱ्यावरून शिवलेला फ्रॉक तयार होता. माझगावला मीच पोचवतो, असं सांगून मी तो कागदात गुंडाळून आणला आणि माझ्या ट्रंकेत ठेवला. त्याने पत्र सांगितलं, "चेडू चलता काय, विचारा." मी लिहिलं आणि पेटीत टाकलंच नाही. दर दोन दिवसांनी तो विचारायचा, "पाकीट इला? दोरो खय आसा?" सुटीच्या दिवशी दारात बसायचा, पण हात रिकामे. मांडीवर तांबड्या फुलांचं कापड, कात्री बाजूला, माप नाही. मला ते पाहवेना. बायको माझ्याशी बोलेनाशी झाली होती.

शेवटी मी ते केलं. माझ्या बायकोच्या जुन्या लुगड्याच्या काठातलं तांबडं सूत काढलं, मांडीवर वळलं. दोन गाठी मारल्या, मागच्यापेक्षा बोटभर लांब. जुन्या पाकिटात घालून नेलं आणि पत्र म्हणून मनचंच काहीबाही वाचून दाखवलं. मुलगी चालते, आणखी दोन दात आले.

लवूदादा हसला. मग त्याने दोरा उचलून दोन बोटांत फिरवला. एकदा, दोनदा. खिडकीकडे धरला. भिंतीवरच्या सहाव्या दोऱ्याला बोट लावून पाहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, माझी बायल डावरी. तिचो पीळ उलटो पडता. ह्यो उजव्या हाताचो."

मी हातातल्या कागदाची घडी घातली.

"चेडू गेला मा?"

मी मान हलवली.

"कदी?"

"महिना झाला."

तो बराच वेळ त्या दोऱ्याच्या गाठी सोडवत बसला. मी घट्ट मारल्या होत्या, सुटेनात. "म्हणजे म्हयनाभर ती एकटीच रडली," तो म्हणाला. "माझ्या डोक्याचा काय, फुटला तसा सुकला. ह्या माका सांगूक होया होता, मास्तर." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. फ्रॉक माझ्या ट्रंकेतच आहे, हेही मी कबूल केलं. त्याने तो मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशीची बोट धरली.

महिन्याने परतला तेव्हा पार उतरला होता. मुंबईतल्या गोळीबाराची बातमी गावापर्यंत गेली होती. मूल गेल्याचं कळवूनही नवऱ्याचं पत्र नाही, माणूस नाही. "तिका वाटला, मी पण गेलंय," एवढंच त्याने मला सांगितलं. एका बाईला मी महिनाभर निपुत्रिक आणि विधवा अशी दोन्ही दुःखं भोगायला लावली होती.

भिंतीवरचे दोरे त्याने काढले. पिठीच्या पुड्या बांधत राहिला, मोर्चे चालूच होते. पण सुई धरली नाही. माझ्या मुलीच्या बारशाला आला, तिच्या पायाला बोट लावलं आणि म्हणाला, "कपडे शिवणा नाय आता. माप चुकता." चाळीतल्या सगळ्या पोरांत लवूदादाची कुंची न घातलेली माझी मुलगी पहिली.

आणखी एक गोष्ट त्याने केली. समोरच्या दारात मास्तर राहत असताना चाळिशी उलटलेला हा माणूस दोन गल्ल्या सोडून प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागला. मला कधी काही विचारलं नाही. येता-जाता रामराम करायचा, आजारपणात पेज आणून द्यायचा. फक्त माझ्या हातात पुन्हा पत्र दिलं नाही. पोस्टमनलाही त्याने सांगून ठेवलं होतं.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. लवूदादाने अर्धा पेढा खाल्ला, अर्धा कागदात बांधला. त्याच वर्षी गिरणी सोडून तो गावी गेला. डोक्याची ती जखम त्याला अधूनमधून त्रास द्यायची.

चार वर्षांनी मला एक कार्ड आलं. कोपरा फाडलेला. अक्षर मोठं, वेडंवाकडं, ओळी चढत गेलेल्या. डाव्या हाताने लिहिताना शाई पुसली गेली होती. लवूदादाने बायकोला लिहायला शिकवलं होतं.

"मास्तर यास नमस्कार. हे काल गेले. मास्तरांस येळेवर कळव असे सांगून गेले. म्हणून आजच लिवते."

हे कार्ड मी फाडलेलं नाही.