मेतकुटाचा वास

नियम माझाच होता. अल वक्राच्या समुद्रकाठी बसून आम्ही चार कुटुंबांनी इटलीची ट्रिप ठरवली, तेव्हाच मी बजावलं होतं, की घरचं काहीही खायला बॅगेत घ्यायचं नाही. कतारमध्ये रोज वरणभातच खातो, तिकडे गेल्यावर तिकडचंच खायचं. सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या, आणि तिथेच मला शंका आली. आमच्यात इतक्या पटकन एकमत कधीच होत नाही.

फ्लॉरेन्समध्ये शंका वाढली. सगळे पास्ता नुसता चिवडत होते, पण भूक लागली असं एकजणही म्हणेना. पुढे समुद्राकाठच्या एका गावात उतरलो, तर भर दुपारी आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या खोलीतून मेतकुटाचा वास! मी नवऱ्याला सांगितलं. "तुझा आपला संशयी स्वभाव," असं म्हणून तो पाय मोकळे करायला बाहेर पडला.

दुसऱ्या दुपारीही तो बाहेर पडला आणि मागोमाग तोच वास आला. मी तडक गेले आणि दार ढकललं. सगळी मंडळी जमिनीवर मांडी घालून बसली होती, मध्ये छोटा राइस कुकर. आणि त्यांच्यात मऊ भाताचा घास तोंडाशी नेणारा माझा नवरा! मी मेतकुटाचा डबा उचलला आणि ओरडले, "कुणी आणला हा?"

झाकणावर, लग्नात आईने दिलेल्या माझ्या सगळ्या भांड्यांवर आहे तसं, माझंच नाव कोरलेलं होतं.