समुद्रपूरचे दोन नंबर

रूपराव भोयर मूळचे केळझरचे. टेलिफोनच्या केबली जोडण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. खड्ड्यात उकिडवं बसून शेकडो रंगीत तारांतून नेमकी जोडी हुडकावी ती त्यांनीच. चुकीची जोडी जोडली म्हणून त्यांच्यावर कधी तक्रारीचा कागद आला नव्हता, आणि याचा त्यांना थोडा ताठाही होता.

२००७ साली एका खाजगी कंपनीनं त्यांना घेतलं, बारा दिवसांचं शिक्षण दिलं आणि राउटर नावाच्या यंत्रासमोर बसवलं. काम नवं होतं. गिऱ्हाइकाचा माल, म्हणजे संगणकातली माहिती, पाकिटापाकिटानं निघे, प्रत्येक पाकिटावर लेबल डकवलं जाई आणि मधली यंत्रं नुसतं लेबल बघून ते पुढं ढकलत. आत काय आहे हे कोणी पाहत नसे. समुद्रपूरचा संगणक आणि वर्ध्याचा संगणक जणू एकाच खोलीत शेजारी ठेवलेत, असं काम चाले. अट एकच, दोन्ही टोकांना एकाच नंबरची नोंद हवी.

समुद्रपुरात एकाच राउटरवर दोन गिऱ्हाइकं होती. तिसऱ्या पोर्टवर, म्हणजे तार खोचायच्या खाचेवर, कापसाच्या जिनिंगचं ऑफिस, वर्ध्याच्या मुख्य ऑफिसशी जोडलेलं, नंबर ३१८. चौथ्यावर एक दवाखाना, नंबर ३८१. त्याचे रक्ताचे रिपोर्ट वर्ध्याच्या लॅबमधून थेट दवाखान्याच्या प्रिंटरवर यायचे. मंगळवारी रूपरावांनी दोन्ही नंबर टाकले. दोन्ही जोडण्या फटक्यात सुरू झाल्या. ते खुशीत वर्ध्याच्या एसटीत बसले.

गुरुवारी जिनिंगमधून फोन आला. तिथं कारकून असलेल्या ज्योत्स्नाबाई वैतागल्या होत्या.

"भाऊ, आमचा वजनाचा कागद वर्ध्याले पोचूनच नाई राह्यला. अन् आमच्या प्रिंटरमधून भलत्याचेच कागद निघून राह्यले!"

"कोनाचे?"

"मले काय मालूम? मांगून कोरे हायेत, मी गाड्यांचे नंबर लिवाले वापरले."

दुपारी रूपराव जिनिंगमध्ये पोचले तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी गठ्ठा पुढं केला. रूपरावांनी वरचा कागद उलटला. जयवंता नावाची बाई, वय बावीस, आठवा महिना. हिमोग्लोबिन चार. खाली ठळक अक्षरांत 'तातडीचे'. तारीख मंगळवारची.

त्यांनी कागद दोनदा वाचला, आणि चूक कुठं झाली ते त्यांना उमगलं. तारांच्या जमान्यात जोडी चुकली की कानात भलताच आवाज येई, माणूस सावध होई. इथं राउटरचे दोन्ही दिवे हिरवेगार होते. ३१८ च्या जागी ३८१ आणि ३८१ च्या जागी ३१८, एवढंच त्यांच्या हातून झालं होतं.

"भाऊ, पानी देऊ का?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं. ते गठ्ठा छातीशी धरून धावतच सुटले.

दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि खुर्ची मागं लोटली. "दोन दिवसांपासून लॅबवाले पाठवला म्हणून सांगून राह्यले, अन् आम्ही कपाटं धुंडून राह्यलो!" तासाभरात जयवंताला जीपमधून वर्ध्याला नेलं. रक्ताच्या तीन पिशव्या चढल्या. ती वाचली, बाळही वाचलं.

रूपरावांनी नंबर सरळ केले. साहेब म्हणाले, "मशीनचा दोष लिवा, संपलं." अहवालात रूपरावांनी स्वतःचं नाव लिहिलं. त्यांना राउटरवरून काढून दोन महिने पुन्हा खड्ड्यांवर पाठवलं. ते दुसऱ्याच दिवशी खड्ड्यात उतरले. जेवणात मात्र त्यांचं लक्ष लागत नसे.

दिवाळीनंतर एक म्हातारी कंपनीच्या ऑफिसात आली, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. जयवंताची सासू, अनुसयाबाई. तिनं पिशवी खाली ठेवली आणि वाकून रूपरावांच्या पायाला हात लावला.

"भाऊ, तुमी कागद घेऊन धावत आले म्हनून माही सून वाचली."

रूपराव दचकून मागं सरले. तो तातडीचा कागद पाहूनही त्यांना एवढा धक्का बसला नव्हता.

"माय, तो कागद माह्याच चुकीनं अडकला होता. मीच नंबर उलटे टाकले होते."

अनुसयाबाई सरळ उभी राहिली.

"मंग सांगतलं काऊन मले? मी तं तुमाले देव मानून राह्यली होती."

"म्हनूनच सांगतलं."

तिनं पिशवी उचलली आणि ती दारापर्यंत गेली. तिथून परतली, निम्म्या शेंगा टेबलावर ओतल्या, आणि उरलेल्या घेऊन एसटी स्टँडकडं निघून गेली.