ब गटातला क्रेन ऑपरेटर

लिफाफा फाडला आणि आतल्या चिठ्ठीवर ‘ब’ निघाला. माझा चेहरा पडला. टेबलावर झोपलेल्या माणसाला तो दिसू नये म्हणून मी उगाच कापसाचा डबा शोधत बसले.

ब म्हणजे नकली सुई.

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. मी तिथल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. ॲक्युपंक्चरचा कोर्स करून आलेली मी एकटीच, त्यामुळे ‘सुईवाली बाई’ हे नाव पडलं होतं. आमचे प्रमुख डॉ. खानझोडे मूळचे अमरावतीचे. सुयांवर त्यांचा विश्वास नव्हता आणि अविश्वासही नव्हता. “सिद्ध करून दाखवा,” एवढंच म्हणायचे. त्यातूनच गुडघेदुखीवरचा हा अभ्यास निघाला.

पद्धत सोपी होती. अर्ध्या पेशंटना खरी सुई, अर्ध्यांना नकली. खरी सुई ठरलेल्या बिंदूवर खोल जाते, मग ती बोटांनी हळूहळू फिरवायची. नकली सुई त्या बिंदूपासून दोन बोटं बाजूला, कातडीत जेमतेम अडकवायची आणि सोडून द्यायची. सगळा थाट उपचाराचा, पण उपचार नाही. याला प्लासिबो म्हणतात. पेशंटच्या कमरेवर आडवा पडदा असायचा, म्हणजे त्याला गुडघा दिसत नसे. आपल्याला कोणती सुई मिळते हे त्याला कळू द्यायचं नाही, याला म्हणतात ब्लाइंडिंग. दुखणं मोजायचं काम सरांचं, त्यामुळे त्यांनाही कळू द्यायचं नाही. कारण नकली मिळतेय असं समजलं की माणसाचा गुडघा त्याच दिवसापासून जास्त दुखतो, आणि मोजणाऱ्याची पट्टीही कळत-नकळत वाकडी होते. ठाऊक असायचं फक्त मला.

आम्ही कोणाला फसवत नव्हतो. दोन प्रकारच्या सुया आहेत, कोणती मिळेल ते चिठ्ठी ठरवेल, आठवड्याला दोन याप्रमाणे बारा वेळा यायचं, अभ्यास संपला की नकलीवाल्यांना खऱ्या सुया देऊ, हे प्रत्येकाला सांगून अंगठा किंवा सही घेतली होती.

पण त्या दिवशी ज्यांच्या नावाची ‘ब’ची चिठ्ठी निघाली, ते रामटेके भाऊ.

वय पन्नाशीच्या आसपास. राहायला कोहक्यात, मूळ गाव भंडाऱ्याकडचं. स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलच्या छताखाली धावणाऱ्या क्रेनचे ऑपरेटर. केबिनपर्यंत लोखंडी शिडी चढून जावं लागे आणि गुडघा आता शिडीवर ऐकत नव्हता. दोन महिन्यांनी मेडिकल बोर्ड बसणार होतं. बोर्डासमोर शिडी चढता आली नाही, तर क्रेन सुटणार आणि खाली कुठेतरी हलकं काम मिळणार.

“हलकं काम बरंच की,” मी म्हटलं होतं. “पगार तर तोच राहतो ना?”

“पगाराचं नाही म्याडम,” ते म्हणाले. “माह्या बापाले गावात कोणाच्या ओट्यावर चढू देत नव्हते. मी सारी मिल खाली ठेवून वर बसतो. खालून साहेब हात दाखवते, तवाच मी हुक सोडतो. आता मले खाली कावून बसवता?”

मी सुया घेतल्या आणि दोन बोटं बाजूला टोचल्या.

दुसऱ्या आठवड्यात माझं अवसान गळलं. हात आपोआप खऱ्या बिंदूकडे जायचा, मी तो ओढून घ्यायची. शेवटी सरांच्या खोलीत गेले.

“सर, एका पेशंटबद्दल विचारायचं होतं.”

“नाव सांगू नका.”

“त्याचं बोर्ड आहे, सर. त्याला जर...”

“बाई, नाव कळलं की मी त्याचं दुखणं मोजायला नालायक ठरतो. एकाचा पडदा उचलला की सगळ्यांचाच उचलावा लागेल. बोर्ड तर निम्म्या लोकांचं असेल.”

ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणून जास्त राग आला.

सुई बदलली नाही. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. पण मन खात होतं, मग दुसरं काय देता येईल ते देत राहिले. रामटेके भाऊ आले की स्टूल ओढून बसायची. मुलीचा अभ्यास कसा चाललाय, घरी वहिनींचा खोकला थांबला का, सगळं विचारायची. चहा मागवायची. ब गटातल्या बाकीच्यांशीही तेच. अ गटवाल्यांना सुया टोचून, फिरवून, घड्याळ लावून निघून जायची. त्यांना खरं मिळतंय ना, मग त्यांचे लाड कशाला?

शेवटच्या दिवशी सरांनी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा होता: तुम्हाला कोणती सुई मिळाली असं वाटतं? ब्लाइंडिंग टिकलं की फुटलं, ते यावरून कळतं. मी पलीकडच्या बाजूला सुया उकळायला ठेवत होते. मधे फक्त कापडी पार्टिशन.

“नकली,” रामटेके भाऊ म्हणाले. क्षणभरही थांबले नाहीत.

“कशावरून? दुखणं कमी झालं नाही म्हणून?”

“थोडंसं झालं ना सर. पण सुई नकलीच होती. म्याडम लय गोड बोलत होत्या.”

“मग?”

“मंग काय सर! प्लांटमंधी तेवीस वर्सं काढली. साहेब कुर्सी देते, चहा पाजते, लेकराबाळाचं विचारते, तवा समजून जायचं का अर्ज नामंजूर हाये. काम होणार असलं तं साहेब मान वर करून पाहात बी नाही. बाजूच्या टेबलवाल्याले म्याडम एक शब्द बोलत नव्हत्या. म्हटलं, त्याले खरी भेटून राहिली.”

सरांनी विचारलं, “कधी कळलं तुम्हाला?”

“दुसऱ्या हप्त्यात.”

“तरी बारा वेळा आलात?”

“शब्द देला होता ना. अन् मले समजलं, हे म्याडमले समजलं असतं तं त्याइले वाईट वाटलं असतं. पोरीसारखी हाये.”

सहा आठवडे मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. त्यांचं जास्त चांगलं जमलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी पार्टिशनच्या बाहेर आलेच नाही.

कोणाला कोणती सुई दिली त्याची यादी उघडली तेव्हा ब गटातल्या बहुतेकांनी बरोबर ओळखलं होतं. कारणं वेगवेगळ्या शब्दांत, पण मुद्दा एकच. आमचा अभ्यास कपाटात गेला. मी राजीनाम्याच्या तयारीने सरांसमोर उभी राहिले.

“हात कोरा कसा ठेवायचा ते तुम्हाला शिकवलं,” ते म्हणाले. “तोंड कोरं ठेवायला शिकवायचं राहिलं. चूक माझी आहे. रामटेकेंच्या बोर्डाला पत्र लिहितो, उपचार अपुरा आहे, एक महिना मुदत आणि रजा द्या. तुम्ही खऱ्या सुया सुरू करा.”

खऱ्या सुयांच्या पहिल्याच दिवशी मी सवयीने विचारलं, “पोरीची परीक्षा कशी गेली, भाऊ?”

ते कोपर टेकून अर्धवट उठले. “म्याडम, आजही नकलीच काय?”

“नाही हो! खरी आहे, देवाशपथ.”

“मंग बोलू नका. मले भरोसा येऊ द्या.”

महिनाभर मी तोंडाला कुलूप लावलं. सुई टोचायची, फिरवायची, निघून जायची. ते पडद्याआड डोळे मिटून समाधानाने पडून राहायचे. बोर्डाच्या दिवशी ते शिडी चढले. मधे एकदा थांबले, पण चढले. फिटचा शिक्का मिळाला. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले आणि सगळ्या दवाखान्याला सांगत सुटले, “म्याडमच्या सुईनं चढवलं मले.”

मी पेढा खाल्ला. मनापासून आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण सुईने चढवलं, की भरवशाने, की महिनाभराच्या विश्रांतीने, ते मला सांगता आलं नाही. ते सांगू शकणारा एकच अभ्यास होता आणि तो मीच बिघडवला होता. इतक्या वर्षांत त्यातून मी एवढंच शिकले: माया करायची तर दवाखान्यातल्या सगळ्यांवर सारखी करावी. ज्याला कमी दिलंय त्याच्याशीच गोड बोललं, की त्याचा हिशेब त्याला लगेच कळतो.